गेरूची रेषा

"पाणी नक्की कुठवर आलं होतं, बाबा?"

मुकुंद रेडकरनं पुन्हा विचारलं. कासमबाबांनी पुन्हा नुसतं समुद्राकडं पाहिलं…

बाबा दर्ग्याचे फकीर. दर्गा टेकडीच्या माथ्यावर, आणि पायथ्याशी कोळ्यांचं गाव. म्हणजे, होतं. त्सुनामी येऊन गेल्यावर तिथं घरांचे चौथरे उरले होते आणि वाळू. टेकडीवर चढणाऱ्या दगडी पायऱ्या तेवढ्या शाबूत होत्या.

पाणी कुठवर चढलं हे मोजणं मुकुंदचं काम. उभ्या राहिलेल्या भिंतींवर आतल्या बाजूनं चिखलाची रेघ दिसते का ते तो बघायचा, कारण बाहेरची रेघ पावसानं धुऊन जाते. झाडांच्या फांद्यांत शेवाळ शोधायचा, जाळ्याच्या चिंध्या शोधायचा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणत. तोही म्हणायचा.

त्याची रेषा ठरली की तिच्या वरच्या अंगाला नवी घरं बांधायची होती. तोवर उरलीसुरली माणसं, त्या दिवशी बाजाराला नाहीतर खोल समुद्रात गेलेली, टेकडीपलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळावर तंबूत राहत होती आणि रोज त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसत होती.

या गावाला मुकुंद नवा नव्हता. तरुणपणी वादळाचा पूर मोजायला आला, तेव्हा पावसाळाभर बाबांच्या खोलीत राहिला होता. मी बाबांचा शिष्य, असं तो चारचौघांत सांगे. बाबा म्हणत, मी काही शिकवलं नाही बुवा, तो नुसता जेवला.

त्याच वेळी त्यानं पायऱ्यांवर गेरूची लाल रेषा मारली होती. गाव गोळा करून सांगितलं होतं, याच्या वर पाणी येत नाही, निर्धास्त राहा.

बाबा तेव्हा काही बोलले नव्हते. त्या गप्प बसण्याला मुकुंदनं आशीर्वाद समजून टाकलं.

पुढं गावानं त्या रेषेला देवपण दिलं. नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायच्या आधी एक नारळ रेषेवर फुटायचा, आणि नवा गेरू लागायचा. हे कानावर आलं तेव्हा मुकुंद किती दिवस खुशीत होता.

आता तो त्याच रेषेच्या पायरीवर उभा होता, आणि बाबा शेजारी बसले होते. गेरू अजून पुसलेला नव्हता.

तंबूत राहणारी म्हातारी मंजुळा तांडेल खालून चढून आली. तिच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात तेलात कालवलेल्या गेरूचा डबा होता.

"नवी रेषा मारताय ना, साहेब?" तिनं विचारलं. "लवकर मारा. नातीला तंबूत ताप येतो. घर कुठं बांधायचं ते कळलं की सुटले मी."

मुकुंदला बरं वाटलं. एवढं होऊनही लोकांचा आपल्यावर विश्वास आहे, असं त्याच्या मनात आलं. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?

ती वर दर्ग्यात दिव्याला तेल घालायला गेली होती. नात कडेवर होती. समुद्र मागं हटला, ओरडा झाला, आणि सगळं गाव पायऱ्या चढून धावत सुटलं. मासळी मागायला खाली गेलेले बाबाही त्यांच्यात होते. मंजुळेनं वरून सगळं पाहिलं.

"सगळी पोचली होती, साहेब. एकूण एक माणूस. माझा मुलगा, सून… सगळी रेषेवर येऊन दम खात उभी राहिली. मुलानं वर बघून मला हात केला. पोचलो म्हणून."

वरच्या पायऱ्यांकडं तिनं एकदा पाहिलं. त्या पुष्कळ होत्या.

"बाबा तेवढे चला चला करत वर आले."

बोलल्याशिवाय मुकुंदला राहवेना.

"ती रेषा वादळाच्या पाण्याची होती, मंजुळाबाई. हे पाणी वेगळं."

"असेल," मंजुळा म्हणाली. "आता याची मारा."

तिनं डबा पायरीवर ठेवला. नारळ त्याच्याशेजारी ठेवला आणि पदर सावरून बाजूला बसली…

मुकुंदनं खाली मान घालून मोजणीची दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवली. काम सुरू केलं की बाकीचं मागं पडतं, हा त्याचा जुना अनुभव होता. आज काही मागं पडेना.

लाल रेषेच्या बऱ्याच वर, उंडीच्या झाडाच्या फांदीत जाळ्याची चिंधी अडकली होती. पाणी तिथवर आलं होतं, याबद्दल शंका नव्हती. त्या पायरीवर आकड्यांची पट्टी उभी धरायला कोणीतरी हवं होतं, आणि मदतनीस तापानं तंबूत पडला होता.

"आण इकडं," बाबा म्हणाले. त्या सकाळी ते पहिल्यांदाच बोलले.

"बाबा, त्या उंडीपाशी थांबायचं. चिंधी आहे ना, तिथं. पट्टी सरळ धरा. हलू नका."

बाबांनी मान डोलावली. पट्टी खांद्याला टेकवली आणि अनवाणी चढू लागले.

मुकुंदनं डोळा लावला. दुर्बीण जुनी होती, तिच्यात सगळं उलटं दिसायचं. चढणारे बाबा त्याला उतरताना दिसत होते, पाय वर आणि डोकं खाली.

उंडी आली. चिंधी आली.

बाबा चालतच राहिले.

"थांबा, बाबा."

बाबा दुर्बिणीतून निघून गेले. मुकुंदनं मान वर केली. ते झाड मागं टाकून वर चढत होते, सावकाश, पट्टीचा आधार घेत.

"बाबा, थांबा. पाणी इथवरच होतं. थांबा."

मंजुळा उठून उभी राहिली होती.

मुकुंद दुर्बीण तशीच टाकून धावला. लाल रेषा ओलांडताना त्याचा पाय क्षणभर अडखळला. उंडीपाशी दम लागला, तरी तो थांबला नाही. दर्ग्याच्या दारात पोचला तेव्हा बाबा उंबऱ्यावर बसले होते. पट्टी मांडीवर आडवी होती.

खाली पायऱ्यांवर गेरूचा डबा आणि नारळ एवढेएवढेसे दिसत होते.



"मी थांबा म्हणून ओरडत होतो, बाबा," मुकुंद धापा टाकत म्हणाला. "ऐकू नाही आलं?"

"आलं…"

बाबांनी पट्टी त्याच्या हातात दिली.

"त्या दिवशीही सगळे हेच म्हणत होते."