पाचशेची कोरी नोट

कोथळेवाडीच्या शाळेत दरवर्षी मुलांचा बाजार भरतो. पोरांनी माल विकायचा, पैसे घ्यायचे, उरलेले परत द्यायचे. यंदा उद्घाटनाला सभापती ढमाले आले. ‘एका रुपयाचाही हिशेब चोख हवा!’ असं अर्धा तास भाषण ठोकून ते बाजारात शिरले.

दहाची भेळ खाल्ली, दहाचं ताक प्यायले, पंधराचे पोहे चापले. दर ठिकाणी पाचशेची कोरी नोट पुढे करायची आणि पोरं गांगरली की, ‘सुट्टे नाहीत? मग राहिलं!’ म्हणत ती परत खिशात घालायची.

शेवटी तिसरीतल्या शमा मुलाणीकडचा पाच रुपयांचा पेरू त्यांनी उचलला आणि तीच नोट काढली. शमाने नोट घेतली, ‘थांबा हं, साहेब,’ म्हणाली आणि पळत जाऊन सगळ्या पोरांच्या गल्ल्यांतली चिल्लर एका डब्यात मोजून आणली.

“हे घ्या चारशे साठ.”

“पेरू पाचचा ना गं? मग चारशे पंच्याण्णव दे!”

“पेरूचे पाच, भेळ-ताक-पोह्यांचे पस्तीस. नोट सगळ्यांनी मिळून मोडली, साहेब. मग ज्याचे त्याला द्यायला नकोत?”

बाजार खदखदून हसला. साहेबांनी डबा काखेत मारला, तर शमा वाटेत आडवी.

“असा नाही न्यायचा. इथेच मोजून घ्या. एका रुपयाचाही हिशेब चोख हवा ना?”

साहेबांनी पायरीवर बसकण मारून पहिलं नाणं उचललं, आणि सगळी शाळा एका सुरात ओरडली, “एऽऽक!”