राजाची दुपारची झोप

पूर्वी सुवेणी नावाच्या नगरीवर अरिंजय राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या अमात्याच्या घरी जन्माला आला आणि वडिलांमागे स्वतःही अमात्य झाला. तो कमी बोलणारा होता. दरबारात त्याचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नव्हता.

राजाने नगराबाहेर एक उंच मनोरा बांधायला घेतला होता. मजूर उजाडताच दगड वाहू लागत. दुपारी जेवण झाले की जवळच्या आमराईत घटकाभर आडवे होत आणि उन्हे कलली की पुन्हा परांचीवर चढत. पिंगलक नावाचा नवा मुकादम आला, तेव्हा ही रीत त्याच्या डोळ्यांत खुपली.

तो राजाला म्हणाला, "महाराज, ही माणसं आपलं अन्न खातात आणि भर दिवसा लोळतात. त्यांची झोप बंद करा, पावसाळ्याआधी मनोरा उभा करून दाखवतो."

राजाला ते पटले. दुसऱ्याच दिवशी आमराईत काटे पसरले गेले. दुपारभर परांचीखाली ढोल वाजू लागला. ज्याचा डोळा मिटे त्याला खांबाला बांधून उन्हात उभे करीत.

वैशाखातल्या अशाच एका दुपारी नंदिक नावाचा मजूर डोक्यावर दगड घेऊन परांची चढत होता. चालता चालता त्याचा डोळा लागला. दगड निसटून खाली पडला. खाली त्याचा धाकटा भाऊ सोणक चुना कालवीत होता. तो जागच्या जागी मेला.

पिंगलक तडक राजाकडे गेला. "कामावर झोपून त्यानं माणूस मारला. त्याचा हात तोडला पाहिजे, म्हणजे बाकीच्यांना जाग येईल."

राजाचे जेवण आटोपले होते, डोळे जड झाले होते. "सूर्यास्ताला तोडा," म्हणून तो उठला आणि वाड्यातल्या गार जलमंडपात निजायला गेला.

ही आज्ञा कानी पडताच बोधिसत्त्व मनोऱ्याकडे निघाला. सोणकाचे प्रेत एका पोत्याखाली झाकलेले होते आणि त्याला वळसा घालून मजूर दगड वाहत होते, कारण काम थांबवायची परवानगी नव्हती. नंदिकाला खांबाला बांधले होते. त्याची बायको भद्रिका पदराने त्याच्यावर सावली धरून उभी होती.

"नंदिका, काय झालं?" बोधिसत्त्वाने विचारले.

"मला कळलंच नाही, अमात्य. मी झोपलो नव्हतो, मी चालत होतो. मग आवाज आला. सोणकाला खांद्यावर घेऊन मी जत्रा दाखवलीय. त्याला मी मारीन का?"

भद्रिका म्हणाली, "हात तोडा नाहीतर मान तोडा, पण आधी त्यांना भावाला अग्नी देऊ द्या. इतकं तरी सांगा त्या मुकादमाला."

"मुकादम कुठे आहे?"

तिने तंबूकडे बोट दाखवले. बोधिसत्त्वाने पडदा सारला. आत ओल्या वाळ्याचा वास होता. पिंगलक मऊ बिछान्यावर पालथा पडून घोरत होता.

बोधिसत्त्वाच्या अंगाची लाही झाली. त्या माणसाला केसाला धरून बाहेर ओढावे असे त्याला वाटले. त्याने स्वतःला आवरले आणि पडदा सोडला. पण तो राग त्याने गिळला नाही. ढोल वाजवणाऱ्याच्या गळ्यातून त्याने ढोल काढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि तो राजवाड्याची वाट चालू लागला.

राजा निजला की वाड्यात पाखरांच्या पिंजऱ्यांवर कापड पडत असे. दासी पायांतले नूपुर काढून ठेवीत. बिजागऱ्यांना तेल घातले जाई. राजाची झोप मोडणाऱ्याला देहदंड होता.

द्वारपाल कुजबुजला, "अमात्य, मागे फिरा. जीव जाईल."

"बाजूला हो. तू मला अडवलंस आणि मी ऐकलं नाही, असं सांग," बोधिसत्त्व म्हणाला. तो राजाच्या पलंगापाशी गेला आणि त्याने ढोलावर टिपरू हाणले.

राजा दचकून उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. "कोण? अमात्य? वेड लागलं तुम्हाला? माझं डोकं फुटायची वेळ आली! मनुष्य आहे मी, दगड नाही!"

"महाराज, हेच मला आपल्या तोंडून ऐकायचं होतं," बोधिसत्त्व म्हणाला. "हा ढोल मनोऱ्यापाशी रोज वाजतो. आपल्यावर एकदा वाजला. जे दगड वाहतात त्यांच्यावर सारी दुपार वाजतो. आपण पालखीतून येऊन निजता, म्हणून पाखरांचीही तोंडं बंद करतात. ते उन्हातून येऊन डोळे मिटतात, म्हणून त्यांना खांबाला बांधतात. आज एक भाऊ दुसऱ्याच्या हातून मेला. त्याला झोपेनं मारलं नाही, झोप हिरावण्यानं मारलं. आणि हात तोडायचा तो उरलेल्या बिचाऱ्या भावाचा?"

राजाने विचारले, "त्यांना झोपू दिलं तर मनोरा लवकर होईल का?"

"होईल किंवा होणार नाही. मी तो हिशेब घेऊन आलो नाही, महाराज. थकलेल्या माणसाला निजू द्यावं, याला आणखी कारण लागू नये. आता माझा देहदंड सुनावा."

राजाने मान खाली घातली. "देहदंड कसला देऊ? चला, मला तिथं न्या."

तो अनवाणीच निघाला. पोत्याखालचे प्रेत पाहून त्याने स्वतःच्या हाताने नंदिकाचे दोर सोडले. पिंगलकाला ओढून आणले, तेव्हा राजा ओरडला, "याचाच हात तोडा!"

"नको, महाराज. तुटक्या हातांनी सोणक उठणार नाही. याला मजुरांबरोबर दगड वाहू द्या. दुपारी यालाही झोपू द्या," बोधिसत्त्व म्हणाला.

तसेच झाले. त्या संध्याकाळी नंदिकाने भावाला अग्नी दिला. काटे उचलले गेले आणि दुपारची आमराई पुन्हा माणसांनी भरली. पिंगलकही तिथे येऊन पडे. नंदिकाला मात्र झोप येईना. सगळे निजले की तो भाऊ निजायचा त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसून राही. बोधिसत्त्व पुष्कळदा दुपारी तिथे येई आणि त्याच्याशेजारी बसे. असेच एके दिवशी बसल्या बसल्या नंदिकाचा डोळा लागला, तेव्हा अमात्याने त्याच्या तोंडावर येणारे ऊन आपल्या उपरण्याने अडवले.

पुढे कितीतरी जन्मांनंतर, भिक्षूंच्या विहाराच्या बांधकामावर एका मुकादमाने डुलकी लागलेल्या गवंड्याला चाबकाने फोडून काढले होते. त्या दोघांना आणि बांधकाम करवणाऱ्या धनिक श्रेष्ठीला समोर बसवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि म्हटले, "त्या जन्मीचा राजा हा श्रेष्ठी होता. नंदिक हा गवंडी. भद्रिका म्हणजे याच्या पाठीला तेल लावणारी याची बायको. अमात्य मी होतो. आणि पिंगलका, तू अजून तोच आहेस."

मुकादमाने चाबूक खाली ठेवला. अमात्याच्या त्या जन्मात जी पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण, पूर्ण झाली ती करुणेची. अन्याय पाहून ती संतापली, पण तिने कोणाचाही हात तोडला नाही.