झाकलेली अंगणं

फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत विणकरांचं एक नगर होतं. गवताने शाकारलेली घरं एकमेकांना चिकटून उभी. दर उन्हाळ्यात कुठेतरी ठिणगी पडायची आणि आळीच्या आळी जळून जायची. म्हणून राजाने नगराच्या मधोमध उंच मनोरा बांधायचं ठरवलं. वर पहारेकरी बसेल, धूर दिसला की शिंग फुंकेल.

लोक कुरकुरले. "महाराज, वरून आमची अंगणं दिसतील. बायाबापड्यांनी वावरायचं कसं?"

राजाने भर चौकात शब्द दिला. "मनोऱ्यावरून फक्त आगीची खबर खाली येईल. बाकी जे दिसेल ते वरच राहील."

लोकांनी विश्वास ठेवला. हैबती नावाचा तीक्ष्ण नजरेचा, सरळ स्वभावाचा माणूस पहाऱ्यावर बसला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या शिंगामुळे दोन आगी वेळेत विझल्या. आयाबाया त्याच्या घरी वाटीभर लोणचं, चार पापड पोचवू लागल्या.

वरून त्याला पुष्कळ काही दिसे. कोणती सासू सुनेला चोरून गूळ खाते, कोणते भाऊ अबोला धरून बसलेत. तो हसे आणि सोडून देई. सगुणा विणकरणीचं दुःख मात्र त्याच्या मनातून जाईना. तिचा नवरा लढाईवरून परतला तो भ्रमिष्ट होऊनच. "तीर्थाला गेलेत," असं ती सगळ्यांना सांगे. पण रोज दुपारी दार लावून ती त्याला अंगणात बसवी आणि लेकरासारखा घास भरवी. त्या वेळी हैबती तिकडे पाठ करून बसे.

एक दिवस प्रधानाने हैबतीला घरी बोलावलं. शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने विडा दिला. हैबतीला असा मान आजवर कुणी दिला नव्हता.

"वरून काय काय दिसतं रे?" प्रधानाने विचारलं.

"मी आग तेवढी बघतो, सरकार."

"अरे, तू राजाचा डोळा! डोळ्याने राजापासून लपवायचं असतं होय?"

हैबती फुशारला. आपण कुणीतरी मोठे आहोत असं त्याला वाटलं, आणि बोलता बोलता तो सगुणाची गोष्ट सांगून बसला.

दुसऱ्याच दिवशी तिच्या दाराशी शिपाई आले. 'वेडा माणूस वस्तीत नको,' असा हुकूम होता. तिच्या नवऱ्याला भर रस्त्यातून ओढत वेशीबाहेरच्या कोठडीत नेलं. तो हंबरडा फोडत होता आणि सगुणा उघड्या डोक्याने मागे धावत होती. हैबतीला वरून सगळं दिसत होतं. शिंग फुंकावं, असं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी तो खाली उतरला, तर सगुणा पायथ्याशी उभी.

"दादा, दुपारी मी वर बघायचे. तुम्ही पाठ करून बसलेले दिसायचात. मला वाटायचं, केवढा भला माणूस!"

धरणीने पोटात घ्यावं असं हैबतीला झालं. 

खबर कुठून फुटली ते नगराला कळलंच. बघता बघता अंगणांवर गवताचे तट्टे चढले. एके सकाळी हैबतीने सहज आपल्या घराकडे पाहिलं. तिथेही तट्टा!

"अगं, माझ्यापासूनही लपवायचं?" त्याने घरी जाऊन पानावर बसता बसता बायकोला विचारलं.

चिमा चुलीतली लाकडं सारत म्हणाली, "तुमच्यापासून काय लपवायचंय? पण तुम्हाला दिसतं ते पुढे कुठे जातं, हे कुणी सांगावं?"

तो पानावरून तसाच उठला.

मग उन्हाळा आला. एका तट्ट्याखाली आग लागली. धूर आतल्या आत कोंडला आणि वर दिसला तोवर अर्धी आळी पेटली होती. हैबतीने जीव खाऊन शिंग फुंकलं. लोक धावले, पण एक म्हातारी आतच राहिली.

दरबारात प्रधान म्हणाला, "महाराज, लोकांचा हट्ट नडला. तट्टे उतरवायचा हुकूम काढा. न ऐकेल त्याला फटके."

राजा मान डोलावणार, तोच हैबती पुढे आला. 

"महाराज, ते तट्टे माझ्यामुळे चढले. चौकात तुम्ही दिलेला शब्द मी एका विड्यावर घालवला." आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

राजा प्रधानाकडे वळला. "त्या दुबळ्या माणसाला कोठडीत कुणाच्या नावाने टाकलंत?"

"आपल्याच, महाराज."

राजाची मान खाली गेली.

त्याने प्रधानाला पदावरून काढलं, स्वतः कोठडी उघडली आणि सगुणाच्या नवऱ्याला हाताला धरून घरी आणलं. "बाई, शब्द माझा होता. तो मला राखता आला नाही. मला क्षमा कर."

सगुणाने नवऱ्याला जवळ घेतलं. "माझा माणूस परत दिलात, महाराज. पण तट्टा काढायला सांगू नका."

"नाही सांगणार," राजा हळूच म्हणाला.

यापुढे पहारेकरी आळीकरांनीच निवडावा, असं ठरलं. हैबती पुन्हा मनोरा चढला नाही. उन्हाळाभर तो पाण्याची घागर घेऊन आळीतून फिरे आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारी, "चूल विझवली ना, माय?" आधी उत्तरं बंद दाराआडून येत. पुढे काही दारं उघडली, काही तट्टेही उतरले. सगुणाचा तट्टा मात्र कधीच उतरला नाही. तिच्या घरावरून जाताना हैबती आवाज देई, पण त्याची नजर रस्त्यावरून उठत नसे.

तात्पर्य: राज्याने एका घराचा विश्वास मोडला की सगळ्या गावाची दारं लागतात, आणि ती हुकमाने उघडत नाहीत.