मुंगळ्यांच्या नाकातले मणी

त्या राज्यात तलवारी आता कापत नव्हत्या. उठल्यासुटल्या, किरकोळ कुरबुरीलाही त्याच उपसायच्या. मुंगळ्यांची कातडी निबर झाली, त्यात नवल ते काय?

मुंगळे मोठे बेरकी. एकटा कधी चावत नसे. अंगाचा वास सोडायचा आणि इतरांचा हुंगत बसायचा. वास दाट झाला की आपण पुष्कळ जमलो हे त्यांना कळे, मग सगळे एकदम तुटून पडत. आता त्यांनी भात्यांच्या गावाला वेढा घातला होता. तिथले दोन भाते चालले तरच राज्याला वारा मिळे.

मणी ओवणाऱ्या मैनाईची लेक त्याच गावी दिलेली. मैनाईने एका मेलेल्या मुंगळ्याच्या नाकपुडीचं माप घेतलं, त्यात नेमके बसतील असे सात-सात मण्यांचे तुकडे ओवले आणि वाऱ्यावर सोडले. नाकं बुजली. लाखो मुंगळे अंगाला अंग लावून बसलेले, आणि प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच!

"सुभेदार, आत्ताच हाणा," मैनाई पांढऱ्या शिपायांच्या राघोजीला म्हणाली. "पाच-पाच जणांनी एकेकाला धरा. मणी चार दिवसांत विरघळतात हो!"

"हात न उगारणाऱ्यावर आपण वार करत नाही, मैनाई. वाडवडिलांची रीत आहे."

"मग कोठारातले आणखी मणी तरी द्या."

"आता कशाला? सगळं शांत तर आहे."

कोठाराला कुलूप लागलं. जळो मेली ती रीत! मैनाईने स्वतःच्या गळ्यातली पोत तोडली आणि मणी ओवले. वीस मुंगळ्यांना पुरले.

इकडे शांततेत मुंगळ्यांची पिलावळ दुप्पट झाली होती. पाचव्या दिवशी नाकं मोकळी झाली, आणि इतका वास आला की मुंगळे स्वतःच दचकले. मग त्यांनी हात उगारला. राघोजीनेही रीतीप्रमाणे तलवार उपसली. ती निबर कातडीत शिरलीच नाही.

उजवा भाता थांबला. मैनाई धावत लेकीच्या दारापर्यंत पोचली, तोवर डावाही थांबला. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाकेपुरताही वारा उरला नव्हता.

राज्याच्या माथ्याशी दोन खिडक्या उघड्याच राहिल्या होत्या. सीमेपलीकडून कुणाचा तरी भलामोठा हात आला आणि त्याने त्या दोन्ही हलकेच मिटल्या.