गोधडीचं तोंड

खूप जुनी गोष्ट आहे, आटपाट नगराच्याही आधीची म्हणा हवं तर. राज्य कुठलं, ते विचारू नका. मला सांगणारीनेही सांगितलं नव्हतं.

त्या राज्यात डोंगरापलीकडे एक खोरं होतं. तिथल्या म्हाताऱ्या गोधड्या शिवायच्या. लुगड्याचा पदर, मुंडाशाचा तुकडा, बाळाचं टोपडं, घरच्या माणसांचं काही ना काही त्यात जायचं. पण त्यांची एक रीत होती. गोधडी कधी पुरी शिवायची नाही. एका कोपऱ्यात चार बोटं जागा मोकळी ठेवायची. तिला म्हणायचे गोधडीचं तोंड. पुढच्या पिढीने आपला तुकडा तिथे जोडायचा, आणि जोडताना आधीच्या प्रत्येक तुकड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

राजाने एकदा अशी गोधडी पाहिली आणि तो हरखूनच गेला. "असं धन चुलीपाशी मळतंय? कोठारात ठेवा!"

झालं. खोऱ्यातल्या सगळ्या गोधड्या कोठारात गेल्या. म्हाताऱ्यांनाही तो मान वाटला, खोटं कशाला बोला! कोठारी भारी नेटका माणूस. प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उघडा पाहून म्हणाला, "बिचाऱ्यांना दिसत नसेल." त्याने शिंप्याकडून सगळी तोंडं पक्की शिवून घेतली, कापूर घातला आणि कुलूप लावलं.

वीस वर्षं गेली. एकेक म्हातारी गेली. जोडायला गोधडीच नाही, तर पोरी सुई कशाला धरतील?

मग एक दिवस राजाचा पागेवाला म्हणाला, "महाराज, त्या जुन्या चिंध्या खोगिरात भरायला बऱ्या आहेत." राजा थोडा घुटमळला. म्हणाला, "कुणाच्या काय आहेत, हे सांगणारं कुणी आठ दिवसांत आलं तर ठीक. नाहीतर भरा."

तशी दवंडी पिटली, ती येसूने ऐकली. येसू खोऱ्यातली कुंभारीण, चाळिशी ओलांडलेली. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती, आणि आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर त्यातल्या एका गोधडीत होता. आईची तेवढीच खूण जगात उरलेली. ती घोड्याच्या खोगिरात जाणार? येसूच्या पायाची आग मस्तकात गेली.

शिवणाऱ्यांपैकी एकटी आवडाई उरली होती, तीही डोळ्यांनी अधू. "मला काय आठवतंय आता?" ती म्हणाली.

"आठवेल. नाही आठवलं तर तिथे बसून राहू. पण जायचं." येसूने तिला पाठुंगळी घेतलं आणि घाट चढली.

कोठारात राजा होता, कोठारी होता, दौत-लेखणी घेऊन कारकून बसला होता. हिरव्या पदराची गोधडी आवडाईच्या मांडीवर ठेवली. तिने ती चाचपली, चारही कोपरे चाचपले आणि मान हलवली.

"ही आमची नाही. आमच्या गोधडीला तोंड असतं."

पागेवाला हसला. कारकुनाने दौतीचं झाकण लावलं. येसूने एकेक कोपरा बोटांनी तपासला. एका कोपऱ्यात दोरा वेगळाच लागला, जाड आणि मेणाचा. तिने तो दातात धरून तोडला.

"ए बाई!" कोठारी ओरडला. "सरकारी माल उसवतेस?"

"उसवत नाही, दादा. तुम्ही गोधडीचं तोंड बंद केलंत, ते उघडतेय."

"उघडू दे," राजा म्हणाला.

येसूने आपल्या पदराचा तुकडा फाडला, सुईत दोरा ओवला आणि सुई आवडाईच्या हातात दिली. बोटांना तो मोकळा कोपरा लागला मात्र, म्हातारी ताठ बसली. टाका पडला आणि गोष्ट सुरू झाली.

"हे लाल मुंडासं मेंढक्याचं. पुरात दोरी म्हणून फेकलं, त्याला धरून तिघं काठाला लागली. हे टोपडं त्यातल्या सर्वांत धाकट्याचं. आणि हा हिरवा पदर... येसे, तुझ्या आईचा गं! जाताना म्हणाली, माझी पोर थंडीत निजायला नको."

येसू ढसाढसा रडली. पण आवडाईला टाका दाखवणारं तिचं बोट हललं नाही.

सांज होईतो एकच गोधडी झाली. आवडाई दमून म्हणाली, "पोरी, एवढ्या सगळ्यांना मी नाही पुरायची."

येसूने डोळे पुसले, सुई आपल्या हातात घेतली आणि लाल मुंडाशापासून हिरव्या पदरापर्यंत सगळी गोष्ट, एक शब्द न गाळता, पुन्हा सांगितली. मग म्हणाली, "तू एकदा सांग, आये. पुढे मी आहे."

राजाची मान खाली गेली. "मी जपलं नाही," तो म्हणाला, "मी नुसतं कोंडलं." त्याने किल्ली येसूच्या हातावर ठेवली.

गोधड्या घरोघर परत गेल्या. तीन वर्षं आवडाई सांगत राहिली, येसू शिवत राहिली, पोरी भोवती बसू लागल्या. आवडाई गेली तेव्हा तिच्या लुगड्याचा तुकडा त्याच हिरव्या पदराच्या गोधडीला जोडायला येसूने सुई धरली. रडण्याच्या भरात ती एक तुकडा गाळून पुढे गेली, तर चार पोरी एकदम ओरडल्या, "मावशी, टोपडं राहिलं!"

येसू रडता रडता हसली. गोष्ट तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि शेवटी चार बोटं जागा मोकळी ठेवली.

तात्पर्य एवढंच: जे जपायचं ते मिटून ठेवू नये, पुढच्याला टाका घालायला त्यात जागा ठेवावी.