यादीबाहेरची संख्या

एकदा एक तरुण शिष्य कागदांची चळत घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला.

"गुरुजी, हवी तेव्हा मूळ संख्या घडवण्याची रीत मला सापडली!"

जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. शिष्याची रीत सोपी होती. दोन, तीन, पाच अशा पहिल्या काही मूळ संख्यांची यादी करायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा. दोन, तीन आणि पाच घेतले की एकतीस येतात. यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले, तरी बाकी एक उरते. म्हणून आलेली संख्या नेहमी मूळच, अशी त्याची सिद्धता होती.

तीन दिवसांनी विद्वानांची सभा होती. तिथे सिद्धता टिकली, तर पाठशाळेत अध्यापकाचे पद त्याला मिळणार होते. महिनाभर सहाध्यायांची प्रत्येक शंका त्याने परतवून लावली होती.

गुरुजींनी कागद शांतपणे वाचले आणि ते आसनावरून उठले.

"तू इथे बस. आता ही सिद्धता माझी. तू ती मोडून दाखव."

"मी? माझीच सिद्धता?"

"माझी म्हटलं ना! आणि मला ते पद हवंय, तेव्हा सहज हार मानणार नाही."

शिष्याने संकोचत दोन शंका काढल्या. गुरुजींनी त्याचीच ठरलेली उत्तरे त्याच्याच ऐटीत त्याला ऐकवली.

"एवढंच? असला मिळमिळीत विरोधक असेल, तर सभा जेवणाआधीच उठेल रे!"

शिष्य चिडला. त्याने कागद ओढून घेतले आणि तो ओळीओळीवर बोट ठेवून वाचू लागला. एका ओळीवर बोट थांबले.

"यादीतल्या संख्येने भाग जात नाही, हे मान्य. पण यादीबाहेरच्या संख्यांचं काय? त्या तुम्ही तपासल्याच नाहीत!"

"मग दाखव भाग जाणारी एखादी."

अकरापर्यंतच्या याद्या त्याने पूर्वी पडताळल्या होत्या आणि तिथेच तो थांबला होता. आता त्याने तेरापर्यंतची यादी घेतली. तीस हजार एकतीस आले. पाटीवर तो सतरा, एकोणीस, तेवीस असा भागत पुढे गेला. एकोणसाठने भागले, तेव्हा बाकी काहीच उरली नाही.

त्याने खडू खाली ठेवला. "संपलं, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "बाळ, महिनाभर तू या कागदांची राखण केलीस. राखण करणारा बाहेरून येणाऱ्यावर नजर ठेवतो, घरातली भेग त्याला दिसत नाही. म्हणून तुला घराबाहेर काढावं लागलं. आता सांग, एकोणसाठ तुझ्या यादीत होती?"

"नाही."

"मग संपलं कसं?"

शिष्य पाटीकडे पाहत राहिला. आलेली संख्या मूळ नसली, तरी तिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरचीच असणार. यादी कितीही लांबवली, तरी एखादी मूळ संख्या बाहेर राहणारच.

"म्हणजे मूळ संख्या कधी संपतच नाहीत," तो हळूच म्हणाला. "पण गुरुजी, हे तर तुम्ही पहिल्याच वर्षी शिकवलं होतं."

"शिकवलं होतं. तू ते पाठ केलं होतंस."

सभेच्या दिवशी शिष्य मांडणाऱ्याच्या आसनावर गेला नाही. विरोधकांच्या बाजूला उभा राहून त्याने आपली चूक कुठे आहे, ते सर्वांना समजावून सांगितले. पद दुसऱ्याला मिळाले. तो परत आला, तेव्हा गुरुजींनी सतरंजीवर थोडे सरकून त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले.