फ्रेंच राज्यक्रांतीवर दोन अभिप्राय

"टेलर-कंडक्टरांनी फ्रान्सच्या इतिहासावर अभिप्राय खरडायचे? न वाचता ठोकून देतात लेकाचे! ती वही बंद करा," वाचनालयाचे अध्यक्ष डॉ. गजेंद्रगडकर भर सभेत गरजले.

ग्रंथपाल शरयूबाई याचीच वाट पाहत होत्या. त्यांनी वही उघडली.

"आधी तुमचाच वाचते, साहेब. 'फ्रेंच राज्यक्रांतीचे इतके सखोल विवेचन मराठीत प्रथमच. दोनदा वाचले.'"

अध्यक्षांनी ऐटीत मान डोलावली.

"त्याच पुस्तकावर खाली शिवा टेलर लिहितो, 'बाई, पुठ्ठा फ्रान्सचा आहे, पण बाइंडरनं आत शेळीपालन शिवलंय.'"

शरयूबाईंनी पुस्तक उघडून पुढे सरकवलं. पहिल्याच पानावर दाढीवाल्या तीन बोकडांचं चित्र होतं.

"यातला फ्रान्सचा राजा कोणता, तेवढं बोट ठेवून दाखवा. लगेच वही बंद करते."